महामारीतला खेळ आणि नीती

मार्च-एप्रिल 2021मध्ये अमेरिकेतील पुरुषांची महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा मुख्यतः इंडियानापोलिस शहरात, कडक विलगीकरणात झाली. एक सामना करोनामुळे रद्द झाला. एप्रिलमध्ये भारतात मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर आयपीएल सुरू होती आणि सुरतजवळ हजीऱ्यात पोलाद कारखान्याच्या प्राणवायूवर चालणारे 250 खाटांचे रुग्णालय उभे राहत होते. अशा वेळी खेळ धर्म्य ठरतो का?

उपयुक्ततावाद घरबसल्या लाखोंना मिळणारा विरंगुळा जमेस धरतो. गीतेतला लोकसंग्रह, म्हणजे समाजाच्या हितासाठी कर्म, दोन्ही बाजूंना वापरता येतो, म्हणून तो इथे फारसा निर्णायक नाही. तत्त्वज्ञ कांटचा आक्षेप अधिक टोकदार: माणूस निव्वळ साधन होऊ नये. व्यावसायिक क्रिकेटपटू मोबदला घेऊन जोखीम पत्करतो. विद्यार्थी खेळाडूंना तेव्हा वेतन नव्हते, प्रक्षेपणाचे उत्पन्न मात्र प्रचंड होते. अखेर मोबदला देणारी आयपीएलही 4 मे रोजी स्थगित झाली.