‘कळवतो’ म्हणजे काय?

गेल्या महिन्यात आमची मुलगी अंधेरीला मुलाखतीसाठी गेली. वेळ सकाळी दहाची. लोकलची गर्दी ओळखून तिने वसईतले घर सातलाच सोडले. सध्याच्या नोकरीवर बिनपगारी रजा टाकली होती. कचेरीत आणखी अकरा उमेदवार होते आणि सर्वांना दहाचीच वेळ दिलेली. दुपारी तीनला तिला आत बोलावले, तेव्हा साहेबांपुढे तिचा अर्जच नव्हता. “कोणत्या जागेसाठी आलात?” त्यांनी विचारले. ती जागा आठवड्यापूर्वीच भरली होती. “तरी कळवतो,” ते म्हणाले. अजून काही कळवलेले नाही.

मी चिडलो. ती म्हणाली, “डॅडी, तेव्हाच नाही म्हणाले असते तरी चाललं असतं.”

तिला नोकरी देणे हे त्यांचे कर्तव्य नव्हते. मग त्यांचे चुकले काय? केवळ शिष्टाचार? मला वाटते, न्यायच चुकला. तिचा दिवस आणि त्या दिवसाचा पगार तिचा होता. तो त्यांनी फुकट घालवला. काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे, हे संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या परिपत्रकात मांडले. काम मागायला आलेलाही माणूसच असतो.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा मालक आठवा. त्याने सर्वांना दिलेल्या सारख्या मजुरीवर आपण नेहमी बोलतो. पण त्याआधी तो स्वतः पुन्हा पुन्हा बाजारात जातो, रिकामे का उभे आहात म्हणून विचारतो, त्यांचे उत्तर ऐकतो. सर्वांना पुरेल इतके काम आपल्याकडे नसते, हे खरे. पण स्पष्ट उत्तर द्यायला पैसे लागत नाहीत. होय किंवा नाही सरळ सांगावे, ही तर प्रभू येशूचीच शिकवण.

त्या कंपनीला खरमरीत पत्र लिहायला मी बसलो आणि एक रंगारी आठवला. नाताळाआधी तो आमचे घर पाहायला आला होता. मी बाहेर गेलो होतो, म्हणून तासभर पायरीवर बसून राहिला. मी “कळवतो” म्हटले आणि काम दुसऱ्याला दिले. नंतर त्याचे दोन फोन आले, ते मी उचललेच नाहीत. त्याचीही रोजी बुडाली होती.

पत्र राहिले. रविवारी मिस्सा झाल्यावर त्याला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे साहेब. निदान सांगितलंत.”

बंधुभगिनींनो, आपले कुणाला ‘कळवतो’ द्यायचे राहिले आहे का?