आमचा नंबर

आमच्या घरी अजून जुना टेलिफोन आहे. म्हणजे तारेला बांधलेला. मुलांनी पुष्कळदा सुचवलं, की आता काढून टाका. पण ज्या वस्तूसाठी आपण एके काळी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलो होतो, ती अशी सहजासहजी टाकवत नाही.

तर या टेलिफोनवर गेली दोन वर्षं सरकारचे फोन येतात. चुकलो, सरकारला केलेले फोन येतात. झालं असं, की पेन्शनीचं काम पाहणाऱ्या एका कचेरीनं (नाव सांगत नाही, मलाही पेन्शन आहे) आपले दूरध्वनी क्रमांक जाहीर केले आणि त्यात शेवटच्या तिनाचा आठ झाला. त्या आठाचे मालक आम्ही.

आता, नंबर छापणं ही काही कचेऱ्यांची हौस नव्हे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम ४ मध्ये, कचेरीनं आपण होऊन जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. त्यांतली नववी म्हणजे अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका. दहावी त्यांच्या पगाराची. फोन उचलावा, अशी बाब त्या सतरांत नाही.

सुरुवातीला मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून देत असे. खरं बोलल्याचं समाधान मिळे आणि आमटीही निवत नसे. पण पलीकडचा माणूस पुन्हा तोच नंबर फिरवी, कारण माझ्यापेक्षा त्याचा विश्वास छापील कागदावर. एक गृहस्थ तर काकुळतीनं म्हणाले, "साहेब, रोज राँग नंबर सांगता, आज तरी कामाचं सांगा."

चूक कळवावी म्हणून मी खऱ्या नंबरावर फोन केला. तो वाजतो. उत्तम वाजतो. शेवटी पत्र लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, की आपलं पत्र उचित कार्यवाहीसाठी संबंधित शाखेकडे पाठवलं आहे, अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर संपर्क साधावा. खाली आमचाच नंबर होता.

मग डिसेंबरात एका आजींचा फोन आला. यजमान शिक्षक होते, कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालतं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे नुसतं जिवंत राहून सिद्ध होत नाही, यादीत आपल्या नावापुढे सही करावी लागते. २०१४ पासून अंगठा यंत्रावर ठेवूनही दाखला देता येतो म्हणे, पण भांडी घासून आजींच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. तेव्हा बँकेत जाऊन सही. "ती यादी तुमच्याकडे पोचली का हो? नाहीतर पेन्शन थांबेल म्हणतात."

आवाज कापरा होता. राँग नंबर म्हणवेना. मी म्हणालो, "पोचली आजी. काळजी करू नका."

फोन ठेवला आणि मला पुढची पोळी जाईना. "कुणाला दिलात एवढा धीर?" हिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आणि नसली पोचली तर?"

थोरामोठ्यांनी सत्य आणि प्रिय यांवर पुष्कळ लिहून ठेवलंय, पण हा प्रश्न त्यांच्यापुढे आलेला दिसत नाही. राँग नंबर म्हणालो असतो तर आजी रडल्या असत्या, पण निदान दुसरीकडे चौकशी केली असती. माझ्या गोड बोलण्यानं त्यांनी चौकशीच थांबवली होती. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगणारा शिपाईसुद्धा इतकं नुकसान करत नाही. तो माणसाला ताटकळत ठेवतो, मी त्यांना निर्धास्त करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि ती कचेरी गाठली. तिथला कारकून भला माणूस निघाला. त्यानं गठ्ठे उपसले आणि सांगितलं, त्या शाखेची यादीच आलेली नाही. आजींचंच नव्हे, साऱ्या शाखेचं हयात असणं बँकेच्या एका टेबलावर पडलं होतं. (त्या कारकुनाच्या टेबलावरचा फोन तेवढ्या वेळात दोनदा वाजला. त्याचे दोन्ही हात गठ्ठ्यात होते. तेव्हापासून मी त्या फोनला फारशी नावं ठेवत नाही.)

कॉलर आयडीवर आजींचा नंबर होता. फोन लावला आणि कबूल केलं, की मी कचेरीतला नाही, काल खोटं बोललो, माफ करा.

"ते मला ठाऊक होतं," आजी म्हणाल्या. "कचेरीतला माणूस का दुसऱ्या घंटेला फोन उचलतो? आणि मागे कुकरची शिट्टी झाली होती."

"मग मला का विचारलंत?"

"कुणीतरी उचलला म्हणून."

बँकेत मी आणि आजी दोघं गेलो. यादी चार दिवसांत रवाना झाली, पेन्शन चुकली नाही. त्या आनंदात आजींचा पुन्हा फोन आला. शेजारणीचं रेशनकार्डाचं काम अडलंय, तिला तुमचा नंबर देऊ का?

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "द्या म्हणावं. पण वेळ तरी सांगा."

मी सांगितली. पावणेदहा ते सव्वासहा, शनिवार-रविवार बंद.