पुडी सोडण्याआधी

पुड्या अजून सोडू नका. काष्ठौषधींच्या दुकानातून जशा आणल्या तशाच वर्तमानपत्रावर मांडा आणि पाट घेऊन त्यांच्यासमोर बसा. फोन दुसऱ्या खोलीत असू दे. दिवाळीला अजून आठवडा आहे. उटणं कुटायला आणि वस्त्रगाळ करायला एक दुपार पुरते, ती नंतर येईल. आज एकेक पुडी उघडायची, आतला जिन्नस तळहातावर घ्यायचा आणि त्याला विचारायचं : तू कुठून आलास, आणि तुला घेतल्यावर तिथं मागे काय उरलं?

तयार उटण्याच्या पाकिटाला हे विचारता येत नाही. त्यावर घटकांची यादी असते, पण कंद कुणी खणला, शेंग कुणी तोडली, झाड राहिलं की गेलं, हे कुठंच लिहिलेलं नसतं. घरी उटणं करण्याची कारणं लोक बरीच सांगतात. स्वस्त पडतं, भेसळ नसते, वास खरा असतो. सगळी खरी आहेत. मला मात्र सर्वांत मोठं कारण हे वाटतं की घरी करताना जिन्नस सुटा हाती येतो, आणि सुट्या जिन्नसाला त्याचं गाव विचारता येतं.

आंबेहळदीपासून सुरुवात करू. दळलेली आणली असेल तर आज ती बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी अख्खे तुकडे मागा. पुडीत काय दळलंय ते डोळ्यांना कळत नाही. हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. असा रंग अंगाला, त्यातून लहान मुलांच्या अंगाला लागणं कुणालाच नको. म्हणून तुकडा घ्या आणि मोडा. आतला रंग फिकट असेल, भडक नसेल. नाकाशी धरा. कैरी कापल्यावर येतो तसला वास येईल.

आता डोळे मिटा आणि हा कंद जमिनीखाली होता तेव्हाचा विचार करा. कोकणातल्या एखाद्या परसात पाऊस सुरू होताना तो लावला गेला असेल. पावसाळाभर वर हिरवी लांब पानं डोलली, थंडीत ती पिवळी पडून वाळली, मग कुणीतरी कुदळीनं हलकेच वाफा उकरला. निघालेल्या गड्ड्यांतले काही विकायला गेले, काही घरात राहिले आणि काही बेणं म्हणून वेगळे काढले गेले. या शेवटच्या गड्ड्यांपाशी मन थोडा वेळ ठेवा. काढणारा हात पुढच्या वर्षीचं लावण्याचंही बघतो आहे. असा जिन्नस निर्धास्त मनानं वापरावा.

दुसरी पुडी नागरमोथ्याची. काळपट, गाठाळ, केसाळ तुकडे. दिसायला काहीच नाही. दोन बोटांत धरून नखानं जरा खरवडा. ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा आणि कुठंतरी खोल धुपासारखा वास येईल. घाई करू नका, तो हळूहळू उघडतो.

याचा सख्खा भाऊ तुमच्या ओळखीचा आहे. उसाच्या सरीत, मेथीच्या वाफ्यात, अंगणातल्या फरशीच्या फटीतसुद्धा उगवणारा लव्हाळा, म्हणजे मोथा. जगातल्या सर्वांत चिवट तणांत त्याची गणना होते. वरून खुरपला तरी जमिनीतल्या गाठी एकमेकींना धरून असतात, आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा डोकं वर काढतो. शेतकरी त्याच्यापायी हैराण असतो, उसात त्याच्यासाठी मुद्दाम तणनाशक फवारतो. आयुर्वेदात हाच मोथा मुस्ता म्हणून मानाचा आहे. दुकानात मिळणारा नागरमोथा त्याच कुळातला, ओलसर, दलदलीच्या जागी वाढणारा. एकाच कुळाच्या गाठींवर एक माणूस विष फवारायला पैसे मोजतो आहे आणि दुसरा त्या सुगंधासाठी विकत घेतो आहे. या दोघांची गाठ कधी पडत नाही.

गावी शेत असेल तर इथं एक करता येईल. आपल्याच रानातला मोथा खणावा, धुऊन वाळवावा, त्याचा गंध बाजारातल्या नागरमोथ्याशी ताडून पाहावा. मात्र ज्या रानात तणनाशक मारलंय तिथला घेऊ नये, आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठचा तर मुळीच नको. तिथं तो जोमानं येतो हे खरं, पण मातीतले जड धातूही मुळांत साठवू शकतो. जमीन कशी ठेवली आहे ते मुळांना आपल्याआधी कळतं. हे वाक्य मनात घोळू द्या, मग पुढच्या पुडीकडे वळा.

वाळ्याची जुडी. ही कोरडी हुंगू नका. वाटीत थोडं पाणी घ्या, जुडी बुडवून वर काढा, थोडं निथळू द्या, मग तोंडाजवळ आणा. उन्हाळ्यात माठात वाळा टाकणाऱ्या घरांना हा वास सांगावा लागत नाही. या बारीक, पिंगट मुळ्या जमिनीत सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत. वर मात्र साधं उंच गवत असतं, त्याला गंध नसतो. बांधावर लावलेला वाळा पावसात वाहून जाणारी माती धरून ठेवतो, म्हणून उतारावरच्या शेतात तो मुद्दाम लावतात.

इथं जरा थांबून विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वाळा काढायचा म्हणजे आख्खा ठोंब उपटायचा. ज्या मुळांनी माती धरली त्याच मुळांसाठी माती मोकळी करायची. मग हे बरोबर की चूक? उत्तर ठोंबाच्या वरच्या भागात आहे. मुळं छाटून घेतली की वरचे फुटवे वेगळे करून पुन्हा लावता येतात. दक्षिणेकडच्या लागवडीतला वाळा बहुधा बी धरतच नाही, त्यामुळं तो पुढं चालवायचा तर फुटव्यानंच. एका ठोंबाचे अनेक होतात. लावणाऱ्याच्या हातचा वाळा घेतला तर बांध उघडा पडत नाही, पण ओढ्याकाठचा कुणीही न लावलेला वाळा ओरबाडून आणला तर पडतो. दुकानदाराला विचारा, लागवडीचा आहे का. त्याला माहीत नसेल. पुढच्या गिऱ्हाइकानंही तेच विचारलं तर तो त्याच्या व्यापाऱ्याला विचारील. गच्ची असेल तर जुन्या उंच पिंपात स्वतःच लावा. त्याला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं, आणि मुळं काढायला पिंप आडवं करता येतं.

शिकेकाई आणि रिठा उटण्यात पडत नाहीत, पण केसांसाठी त्याच खेपेत आणले जातात, म्हणून त्यांच्या पुड्याही उघडा. दोन्हींत सॅपोनिन असतं, फेस त्यानंच होतो. रिठ्याची काळी बी काढून टाका, उपयोगी असतं ते वरचं टरफल. शिकेकाईची वाळलेली शेंग हातात फिरवा. ही वेल सह्याद्रीच्या रानात झाडांवर चढते, आणि तिच्या अंगभर वाकडे काटे असतात. शेंग घेतली तरी वेल राहते, हे उत्तम. पण काटे कुणाच्या हाताला लागले? कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशा समाजांतली माणसं रानातला असा माल गोळा करत आली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावरचा त्यांचा मालकीहक्क मान्य केला. हक्क कागदावर आला, भाव मात्र अजून बहुतेक ठिकाणी घेणारा ठरवतो. आपल्या हातातल्या शेंगेसाठी आपण जे मोजलं त्यातलं किती त्या ओरखडलेल्या हातापर्यंत गेलं असेल? आकडा शोधू नका, आज तो मिळणार नाही. फक्त तो हात डोळ्यांसमोर आणा, तिथं थोडा वेळ राहा. आणि जिथं महिला बचत गट किंवा ग्रामसभा स्वतः माल विकत असेल, तिथं घासाघीस न करता घ्या.

संत्र्याच्या सालींसाठी कुठं जायला नको. खाल्लेल्या फळाचीच साल वाळवायची. बाजारातल्या चकचकीत संत्र्यांवर कधी मेणाचा हात असतो, तेव्हा फळ सोलण्याआधी कोमट पाण्यानं चोळून धुवा. गुलाबाचंही तसंच. मावळातल्या हरितगृहांतले लांब दांड्यांचे गुलाब फुलदाणीसाठी वाढवलेले असतात, त्यांच्यावर फवारण्या होतात. अंगाला लावायला कुंडीतला गावठी गुलाब घ्या, त्याच्या मूठभर पाकळ्या पुरतात. मसूरडाळ घरात आहेच.

मुलतानी मातीची पुडी उघडा. तिचा खडा जिभेवर टेकवला तर तो जिभेला चिकटतो, पाण्यात टाकला तर हळूहळू विरघळत गाळ होतो. मुलतान आज पाकिस्तानात आहे. आपल्याकडे येणारी ही माती मुख्यतः राजस्थानातली, बाडमेर, बिकानेरच्या बाजूची. तिचे थर कोट्यवधी वर्षांपूर्वी साचले. आतापर्यंत हातात घेतलेलं सारं पुन्हा उगवणारं होतं, ही उगवत नाही. मोठा भाग डाळीच्या पिठाचा ठेवून तिचे दोन चमचे घातले तरी काम होतं. तेवढेच घाला.

आता चंदन. पुडी असेल तर ती बाहेरून कितीही गोड वासाची असो, मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. खऱ्या चंदनाचा भाव आणि त्या पुडीची किंमत यांचा मेळ बसत नाही. चंदनाचं झाड अर्धपरजीवी आहे, त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडून घेतात आणि त्यांच्याकडून अन्नपाणी मिळवतात. एकट्या चंदनाला नीट वाढताच येत नाही. सुगंध असतो गाभ्यात, आणि गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. चांगला भरायला आणखी कितीतरी. तो काढायचा तर झाड जातं. टिपू सुलताननं १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं. त्यानंतर फार मोठा काळ म्हैसूरकडं स्वतःच्या जमिनीतलं चंदनही मालकाचं नव्हतं, त्यामुळं ते लावायला कुणी धजत नव्हतं. कर्नाटकात हा नियम २००१ मध्ये बदलला, आता शेतात लागवड होते. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारातली चंदनं रातोरात कापून नेल्याच्या बातम्या मात्र येतच असतात. देवघरात सहाणेजवळ पूर्वापार असलेलं खोड असेल तर त्याचा एक वळसा उगाळा आणि कालवतेवेळी मिसळा. नसेल तर चंदनावाचून उटणं अडत नाही.

शेवटची पुडी जटामांसीची. हिच्यासाठी मी तुमचा सर्वांत जास्त वेळ मागतो आहे. करड्या केसांच्या बटेसारखी दिसणारी ही मुळं हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवरून येतात. तिथं बर्फ उशिरा वितळतं, वाढीला वर्षातले थोडेच महिने मिळतात, रोप वर्षानुवर्षं हळूहळू मोठं होतं. काढताना ते मुळासकट जातं, आणि त्या उंचीवर ते पुन्हा उभं राहायला फार काळ लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि तिच्या व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. तरी उटण्याच्या कितीतरी पाककृतींत ती सहज लिहिलेली असते, जणू परसातलीच आहे.

मुळांना हुंगा. वास उग्र, दाट, थोडा कस्तुरीकडे झुकणारा. मनात येईल की आमच्या आजीच्या उटण्यात ही असायचीच. असेल. तेव्हा तिला केसांच्या तेलांचे, धुपाचे, साबणांचे एवढे कारखाने मागत नव्हते. आजीनं आपल्याला दिली ती काटकसरीची सवय, आणि ती इथं कामाला येते. आणलेली पुडी टाकून देऊ नका. ते रोप तर गेलंच आहे, निदान वाया तरी जाऊ नये. पुढच्या वर्षीच्या यादीतून मात्र तिचं नाव खोडा. आत्ता, बसल्या जागीच. वाळा आणि नागरमोथा मिळून तिच्या जागेचा गंध भरून काढतात.

बावचीचंही नाव काही याद्यांत असतं. तीत सोरालेन असतं, आणि ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असेल असं धरून चालू नये. वैद्यानं सांगितल्याशिवाय ती उटण्यात नको.

आता उठायला हरकत नाही. जे निवडलंत ते उद्या उन्हात कडक वाळवा, एकेक वेगळं कुटा, मलमलच्या कापडातून गाळा, मगच एकत्र करा. ओल राहिली तर बुरशी धरेल, म्हणून बरणी आणि चमचा दोन्ही कोरडे हवेत. चमचाभर उटणं दुधात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि एक दिवस वाट पाहा. खाज आली, लाली आली तर कोणत्या जिन्नसानं आली ते एकेक लावून शोधा, आणि तो वगळून पुन्हा मिसळा. नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत त्याला पुरेसा वेळ आहे.