न पाहिलेला विक्रेता आणि आपली अमानत



व्यवहारात समोरच्यावर विश्वास ठेवावा की त्याची पडताळणी करावी, हा प्रश्न जुना आहे. मोबाइलवरील खरेदीने तो आता आपल्या घरात आणून ठेवला आहे. परतूर किंवा भोकरदनचा एखादा मुलगा आपल्या गिअरच्या सायकलीसाठी हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि २९ इंची टायर शोधत असतो. गावच्या सायकल दुकानात साध्या सायकलीचे सामान मिळते, हे मिळत नाही. मोबाइलवर मात्र सुंदर छायाचित्रे दिसतात आणि निम्मी किंमत दिसते. विक्रेता कोण, तो कोठे बसतो, माल खरोखर त्याच्याजवळ आहे काय, यातले काहीच ठाऊक नसते आणि पैसे आधी द्यायचे असतात. अशा वेळी घरात दोन मते निघतात. एक म्हणतो, सगळेच लबाड आहेत, पैसे बुडणार. दुसरा म्हणतो, अल्लाहवर भरवसा ठेवावा, उगाच कोणावर संशय घेणे गुनाह आहे. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, परंतु इस्लामने दाखविलेली वाट या दोहोंहून वेगळी आहे.

गुण डोळ्यांना दिसत नसताना पैसे मोजणे आपल्या जालना जिल्ह्याला नवे नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे जालना हे बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. बियाण्याची पिशवी घेणाऱ्या शेतकऱ्याला दाणा दिसतो, त्यातील उगवण दिसत नाही. ती पाऊस पडल्यावर, शेतातच कळते. म्हणून पिशवीवर उगवणक्षमता, लॉट क्रमांक आणि तपासणीची तारीख छापलेली असते. जाणता शेतकरी पक्के बिल घेतो आणि बिल, लेबल, रिकामी पिशवी व मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवतो. कृषी विभागही हेच सांगत असतो. बिल मागितले म्हणून दुकानदार रागावत नाही आणि शेतकऱ्यालाही आपण त्याला चोर ठरवले असे वाटत नाही. उलट त्या कागदामुळेच दोघांचा व्यवहार वर्षानुवर्षे टिकतो.

दिव्य कुरआनची शिकवण हीच आहे. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय मुदतीच्या देण्याघेण्याचा आहे. असा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश त्यात आहे. ज्या समाजाला हा आदेश प्रथम मिळाला तो सहाबा (रजि.) यांचा समाज होता. त्यांच्या सचोटीविषयी कोणाला शंका होती? तरीही लिहिण्यास सांगितले गेले. लगेच पुढच्या आयतीत असेही सांगितले आहे की, परस्परांवर विश्वास ठेवून व्यवहार झाला असेल तर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने अमानत परत करावी आणि अल्लाहचे भय बाळगावे. लेखी पुरावा आणि अमानत या दोन गोष्टी कुरआनने अशा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

मग संशयाचे काय? सूरह अल-हुजुरातमध्ये संशयापासून दूर राहण्याची आज्ञा आहे, हे खरेच. पण त्याच सूरहमध्ये, काही आयती आधी, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करण्याचीही आज्ञा आहे. संशय माणसाच्या मनातील हेतूविषयी पुराव्याविना निवाडा करतो. पडताळणी केवळ त्याने केलेला दावा तपासते. 'हा विक्रेता लबाड असणार' असे म्हणणे पहिल्या प्रकारात मोडते. 'याचा पत्ता, बिल आणि परतीचा नियम पाहू' असे म्हणणे दुसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्याची मनाई आहे आणि दुसरे आपले कर्तव्य आहे.

आधी पैसे देऊन नंतर माल घेण्याची पद्धतही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात होती. इब्ने अब्बास (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) मदीनेस आले तेव्हा तेथील लोक फळांसाठी एक-दोन वर्षे आधीच पैसे देत असत. त्यांनी हा व्यवहार बंद केला नाही. माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, अशी अट घातली. फिकहमध्ये यास 'सलम' म्हणतात. मोबाइलवर पैसे भरण्यापूर्वी याच कसोटीवर प्रश्न विचारावेत. टायर २६ इंची की २९ इंची? हेल्मेट कोणत्या मापाचे? डोक्याचा घेर फीत लावून मोजला आहे काय? माल किती दिवसांत येणार? माप चुकले तर परतीचा खर्च कोण सोसणार? उत्तरे स्पष्ट नसतील तर व्यवहारात 'गरर', म्हणजे घातक अनिश्चितता, शिरली असे समजावे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यानंतर नाकारण्याचा अधिकारही हनफी फिकहने खरेदीदाराला दिला आहे. म्हणून परतीचा नियम वाचल्यावाचून खरेदी करणे म्हणजे आपला हक्क आपणच सोडून देणे होय.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या राशीची हदीस आपणांस ठाऊक असेल. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, हे स्पष्ट केले. हेल्मेटचेही असेच असते. त्याच्या आतील फोम जोराच्या धडकेत दबतो आणि पुन्हा पहिल्यासारखा संरक्षण देत नाही. बाहेरचे कवच मात्र चकचकीत दिसू शकते. पडझड झालेले हेल्मेट नवे म्हणून विकणारा माणूस ओले धान्य राशीखाली लपवतो आहे आणि येथे प्रश्न एखाद्या मुलाच्या जिवाचा आहे. म्हणून जुने हेल्मेट अनोळखी माणसाकडून स्वस्तात घेऊ नये.

वस्तूखालच्या कौतुकाच्या शेऱ्यांवरही विसंबू नये. घेण्याची इच्छा नसताना केवळ भाव वाढावा म्हणून बोली लावणे, म्हणजे 'नजश', हदीसमध्ये निषिद्ध आहे. पैसे घेऊन खोटी स्तुती लिहिणे हे त्याचेच भावंड आहे.

आता पैसे देण्याविषयी. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तिर्मिजीच्या हदीसमध्ये आली आहे. आपला उंट बांधण्याच्या काही साध्या गाठी आहेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. 'परतावा देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे कोणी म्हणाले तर थांबावे. ओटीपी कोणालाही सांगू नये आणि सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारे ॲप घेऊ नये. खरेदीच्या ॲपबाहेर, कोणा व्यक्तीच्या नंबरवर आगाऊ रक्कम पाठवू नये. ग्राहक सेवेचा नंबर त्या ॲपमध्येच पाहावा, कारण इंटरनेटवरील शोधात खोटे नंबरही सापडतात. शक्य तेथे माल हाती आल्यावर पैसे द्यावेत आणि पेटी उघडताना चित्रफीत काढावी. बिल, संदेश आणि पैसे दिल्याचा क्रमांक जपावा, बियाण्याचे लेबल जपतो तसा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रीच्या ॲपने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी जालन्याचा ग्राहक जालन्यातच दाद मागू शकतो.

एवढे करूनही कोणी फसला तर? येथे आपल्या घरांची खरी परीक्षा होते. हदीसच्या ग्रंथांत एका सहाबींची हकीकत आहे, अनेक विद्वान त्यांचे नाव हिब्बान बिन मुनकिज (रजि.) सांगतात. ते खरेदी-विक्रीत वारंवार फसत. घरच्यांनी प्रेषितांकडे (स.) येऊन त्यांना व्यवहार करण्यास मनाई करावी, अशी विनंती केली. आपल्याला त्यापासून दूर राहवत नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना व्यवहार करताना 'यात फसवणूक नको' असे बोलण्यास शिकवले. एका कथनात तीन दिवस विचार करून माल परत करण्याची मुभा दिल्याचेही आले आहे. फसणाऱ्याची हेटाळणी झाली नाही. त्याच्या हाती साधन दिले गेले.

आपण काय करतो? मुलाचे दोन हजार गेले की त्याचा मोबाइल हिसकावतो आणि चारचौघांत त्याला मूर्ख ठरवतो. म्हणून पुढच्या वेळी मुलगा लपवतो, सून लपवते आणि घरातील वृद्धही लाजेने गप्प राहतात. ठकाला हवा असतो तो हाच वेळ, कारण चोरलेली रक्कम झपाट्याने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेला जितक्या लवकर कळवावे तितकी ती वाटेत रोखली जाण्याची शक्यता अधिक. अब्बांच्या रागाची भीती नसलेला मुलगा त्याच मिनिटाला बोलेल. ही निर्भयता घरात निर्माण करणे हीसुद्धा त्या पैशाची राखण आहे.

शेवटी स्वतःकडेही पाहू. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. जॅकेट सहलीत वापरून 'माप चुकले' म्हणत परत करणे, माल मिळूनही 'मिळाला नाही' अशी तक्रार करणे, हे तेच कमी माप आहे. याहून गंभीर म्हणजे काही हजारांच्या मोबदल्यात आपले बँक खाते आणि एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरू देणे. फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरवला जातो. 'मी कोणाला फसवले नाही, फक्त खाते दिले' हे म्हणणे पोलिसांपुढे टिकत नाही. आखिरतमध्ये तर टिकणारच नाही, कारण सूरह अल-माइदामध्ये पाप आणि अत्याचाराच्या कामी परस्परांना सहकार्य करण्याची मनाई आहे. आपल्या वस्तीतील तरुणांना ही गोष्ट जुम्याच्या दिवशी आणि जेवणाच्या दस्तरख्वानावर स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

न दिसणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करताना आपणही त्याला दिसत नसतो. दोघांनाही पाहणारा अल्लाह आहे. तो आपणांस व्यवहारात सावध, वचनात खरे आणि फसलेल्यांशी दयाळू राहण्याची बुद्धी देवो. आमीन.