दृष्टीचे मोल कोणी द्यावे?

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेरच्या बाजारात चष्म्याची दुकाने आहेत. काही महिन्यांपूर्वी अशाच एका दुकानात आम्ही शेजारच्या एका भगिनीसोबत गेलो होतो. उल्हासनगरच्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे धागे कापण्याचे काम ती घरी बसून करते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे बारा. जुन्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, काचांवर ओरखडे. दुकानदार भला गृहस्थ होता. त्याने दोन्ही भाव समजावून सांगितले. "ताई, साधी काच घेतलीत तर ती जाड येईल, नाकावर जड होईल. पातळ काच हवी तर तिचे पैसे जास्त पडतील." साध्या काचेचा आकडा तिच्या आठवडाभराच्या कमाईहून मोठा होता आणि पातळ काचेचा महिनाभराच्या. आम्ही पैसे देऊ केले, पण तिने ते घेतले नाहीत. "आज तुम्ही द्याल. पुन्हा नंबर वाढला तर?" असे म्हणून ती दुकानदाराकडे वळली. "भाऊ, दांडीच तेवढी बदलून द्या."

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. ज्याला सर्वांत कमी दिसते, त्यानेच दिसण्यासाठी सर्वांत अधिक मोल का द्यावे?

उणे बारा म्हणजे काय, हे चष्मा न लावणाऱ्यास सहसा ठाऊक नसते. अशा डोळ्याला सुमारे आठ सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. नाकापुढे चार बोटे धरावीत, तेवढेच त्याचे जग. त्यापलीकडे आईचा चेहरा, लोकलचा इंडिकेटर आणि रस्ता ओलांडताना अंगावर येणारी रिक्षा, सारे धुक्यात. हा दोष निवारणारे अंतर्वक्र भिंग मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. नंबर जितका मोठा, तितकी कड जाड. ती पातळ करावयाची तर अधिक अपवर्तनांकाचे द्रव्य लागते. साध्या प्लॅस्टिकच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. त्यापुढे १.६, १.६७ आणि १.७४ अशा पायऱ्या आहेत, आणि पायरीगणिक किंमत चढत जाते. सौम्य नंबर असलेल्याला या पायऱ्या चढण्याची गरजच भासत नाही. अधिक भुकेला आहे म्हणून वाणी कोणाला भाकरीचे पीठ महाग देत नाही. चष्म्याच्या दुकानात मात्र गरज वाढते तसा भावही वाढतो.

यावर कोणी म्हणेल, पातळ काच ही हौस आहे, जाड काचेतूनही दिसतेच की! हा आक्षेप अगदीच खोटा नाही. जाड काचेने दिसते, आणि कित्येकांनी सारे आयुष्य तिच्यावर काढले आहे. परंतु दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या बाईच्या नाकावरून तो जड चष्मा घसरतो. भिंग डोळ्यापासून दूर सरकले की मोठ्या नंबरात दिसण्यातही फरक पडतो. नाकावर वळ उठतात. शाळेत "ढापण्या" म्हणून चिडविले गेलेले मूल चष्मा दप्तरात लपविते, आणि मग फळ्यावरचे त्याला काहीच दिसत नाही. तेव्हा गरज कोठे संपते आणि हौस कोठे सुरू होते, ही रेषा ज्यांचे डोळे धड आहेत त्यांनीच आखू नये, एवढे आमचे म्हणणे आहे.

मग ही जबाबदारी कोणाची? दुकानदाराची म्हणावी तर त्यालाही काच विकत आणावी लागते. कायद्याकडे पाहावे तर तेथे एक विलक्षण गोष्ट आढळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अल्पदृष्टी ठरविताना चांगल्या डोळ्याची दृष्टी शक्य तितका योग्य चष्मा लावूनच मोजली जाते. तरीही ती ६/१८ च्या वर जात नसेल, म्हणजे निकोप डोळा जे अठरा मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवर यावे लागत असेल, तर ती व्यक्ती त्या व्याख्येत बसते. हा नियम अविचारी नाही. तो नसता तर आपल्यापैकी कितीतरी चष्मेवाले दिव्यांग ठरले असते. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. तपासणीच्या खोलीत योग्य काच डोळ्यांपुढे असते आणि तिचे मोल कोणी विचारीत नाही. बाहेर बाजारात आल्यावर तीच काच एक विक्रीची वस्तू होते. मोजताना चष्मा डोळ्याचा भाग आणि विकताना मात्र माल! ज्या समाजाने चष्मा आहे असे धरून त्या बाईला डोळस ठरविले, त्याने तो चष्मा तिच्याजवळ खरोखर आहे की नाही हेही पाहावयास नको काय?

कोणी काहीच करीत नाही, असे नव्हे. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना आणि जवळचे न दिसणाऱ्या वृद्धांना मोफत चष्मे देण्याची तरतूद झाली आहे. या दोन वयांच्या मधली कष्टकरी बाई मात्र तेथे बसत नाही. चष्म्याच्या काचा आणि फ्रेम यांवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, हेही चांगलेच झाले. पण कर किमतीवर असतो. काच महाग तेवढी कराची रक्कम मोठी, म्हणजे अधिक अधू डोळा आजही अधिक कर भरतो. आपल्या सेवाभावी शिबिरांचेही तसेच आहे. तेथे वाटावयाचे तयार चष्मे बहुधा वाचनाचे असतात. मोठ्या नंबरवाल्याच्या हाती नंबर लिहिलेला कागद पडतो.

चष्म्याचा इतिहासही असाच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा प्रथम ज्याने केला, तो ती विद्या कोणास सांगावयास तयार नव्हता. पीसा येथील डॉमिनिकन धर्मबंधू आलेस्सांद्रो देल्ला स्पिना यांनी स्वतः चष्मे बनविले आणि ती कला आनंदाने सर्वांना देऊन टाकली, अशी नोंद त्यांच्या मठाच्या बखरीत आहे. १३१३ साली ते निवर्तले. परंतु ते चष्मे बहिर्वक्र भिंगांचे, वृद्धांना वाचता यावे म्हणून केलेले होते. दूरचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्वक्र भिंग पंधराव्या शतकात आले. उदार मनाची देणगीदेखील आधी सर्वसाधारण गरजेपर्यंतच पोहोचली आणि जो अधिक अडलेला होता तो वाट पाहत राहिला.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याची कथा आहे. प्रभूच्या पहिल्या स्पर्शाने त्याला दिसू लागले, पण अंधूक. हिंडणारी माणसे त्याला झाडांसारखी भासली. मोठ्या नंबराच्या माणसाला चष्म्यावाचून जग नेमके असेच दिसते. प्रभूने त्याला तेवढ्यावर परत पाठविले नाही. त्याने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले.

आमची शिबिरे, आमच्या देणग्या आणि आमचे कायदे बहुधा पहिल्या स्पर्शापाशी थांबतात. प्रत्येक धर्मग्रामात मोठ्या नंबरवाले असे कितीसे असतील? प्रायश्चित्तकाळात आपण जे बाजूला काढतो, त्यातील थोडा भाग त्यांच्या काचांसाठी राखून ठेवता येईल. नंबर बदलला की काच बदलून मिळेल, आणि घेणाऱ्याला मंचावर उभे राहून हार स्वीकारावा लागणार नाही, एवढी मात्र काळजी घ्यावयास हवी. आमच्या शेजारच्या भगिनीने आमचे पैसे नाकारले ते अभिमानाने नव्हे. एकदाच मिळणाऱ्या दयेवर डोळे अवलंबून ठेवता येत नाहीत, हे तिला आमच्याआधी कळले होते. पुन्हा नंबर वाढला तर, या तिच्या साध्या प्रश्नाला आपल्याजवळ अद्याप उत्तर नाही. नवी दांडी लावलेल्या त्याच ओरखडलेल्या काचांतून ती आजही धागे कापीत बसते.