पाहणाऱ्याचा वाटा

जत्रेत फळ्यांची उभी विहीर उभारलेली असते. तिच्या आतल्या भिंतीवर मोटारसायकल आडवी गरगरते. वरच्या कठड्याला टेकलेली माणसं नोट पुढे धरतात आणि स्वार हँडल सोडून ती टिपतो. डोक्यावर हेल्मेट बहुधा नसतंच. या खेळाला सगळे ‘मौत का कुआँ’ म्हणतात, म्हणजे विकायला काय ठेवलंय ते नावातच सांगून टाकलेलं असतं. त्या स्वाराच्या धाडसाबद्दल पुष्कळ बोललं जातं. नोट धरणाऱ्या हाताचा विचार फारसा होत नाही, आणि मला धर्माच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याने आपल्या करमणुकीसाठी जीव धोक्यात घातला, तर पाहणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

हाच धंदा युरोपात स्पीडवे या नावाने नीट बांधलेला आहे, त्यामुळे तिथे प्रश्न जास्त उघडा दिसतो. 500 सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकाच गिअरची आणि अजिबात ब्रेक नसलेली मोटारसायकल. चार स्वार, मातीच्या अंडाकृती मैदानाच्या चार फेऱ्या, सगळं मिळून साधारण एक मिनिट. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत न्यायचं असतं. न्यूझीलंडचा इव्हान मॉगर 1968 ते 1979 या काळात सहा वेळा जगज्जेता झाला, पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने 2019 पासून अनेक जगज्जेतेपदं मिळवली. पण लीग स्पर्धांत पोट भरणाऱ्या स्वाराला पैसा मिळतो तो मुख्यतः गुणांवर. तिसऱ्याचा दुसरा झाला तर मानधन वाढतं, आणि इंजिनाचा खर्च बहुतेकदा त्याच्याच खिशातून जातो. म्हणजे वळणावर मूठ सैल करायची की नाही, हा निर्णय महिन्याच्या हिशेबाशी बांधलेला आहे. मे 2012 मध्ये स्वार ली रिचर्डसन पोलंडमधल्या व्रोत्स्वाफच्या मैदानावरच्या अपघातात गेला. ऑगस्ट 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड पोलंडमध्ये कुंपणावर आदळला आणि तेविसाव्या वर्षी कमरेखाली लुळा झाला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. स्वार सज्ञान आहे, त्याने आपल्या मर्जीने पत्करलंय, मग पाहणाऱ्याचा काय संबंध? पतंजलीने साधनपादात याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. हिंसा स्वतः केलेली असते, करवून घेतलेली असते, किंवा नुसती मान्य केलेली असते, आणि तिन्हींना तो एकाच सूत्रात बसवतो. मनुस्मृतीचा पाचवा अध्यायही मांसाच्या बाबतीत मारणाऱ्यापासून विकत घेणाऱ्या, शिजवणाऱ्या आणि खाणाऱ्यापर्यंत सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो. तरीही हा नियम इथे जसाच्या तसा लावणं मला प्रामाणिक वाटत नाही. बोकड कापला जावा हीच खाणाऱ्याची गरज असते. स्वार पडावा अशी कठड्यावरच्या कुणाचीही इच्छा नसते. तो पडला तर तेच लोक खाली धावतात. म्हणून याला पाप म्हणणं जड होईल. मग उरतं काय? माझ्या मते उरतं ते ऋण. शतपथ ब्राह्मण माणूस जन्मतः देव, ऋषी, पितर आणि माणसं अशा चौघांचा ऋणी असल्याचं सांगतं. त्यातलं चौथं ऋण आपण सहसा विसरतो.

गीतेचा आधार घेणारे म्हणतील की स्वाराचा तो स्वधर्म आहे, फळाची आस सोडून कौशल्याने केलेलं कर्म त्याला बाधत नाही. कर्त्याच्या बाबतीत हे मान्य करता येईल. पण गीता सुरूच होते ती रणांगणावर न उतरलेल्या माणसाच्या प्रश्नाने. धृतराष्ट्र हस्तिनापुरात बसून युद्ध ऐकतो, आणि महाभारत त्याला नुसता श्रोता म्हणून निर्दोष सोडत नाही.

पाहणाऱ्याने हे ऋण फेडायचं कसं, यासाठी पनवेलजवळच्या चिरनेरचं उदाहरण घ्यावंसं वाटतं. 25 सप्टेंबर 1930 ला अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण हुतात्मा झाले. त्या आठांचा आणि विहिरीतल्या स्वाराचा तराजू एकच कसा, असं कुणीही विचारेल. तसं मी म्हणतच नाही. एकाने परक्या सत्तेच्या कायद्याला नकार देताना जीव दिला, दुसरा मजुरीसाठी जीव पणाला लावतो, आणि हे अंतर पुसणं अन्याय होईल. मला चिरनेरात दिसतं ते मागे राहिलेल्यांचं वागणं. गावाने स्मारक उभारलं, दर 25 सप्टेंबरला तिथे लोक जमतात, शहिदांची नावं घेतली जातात. दुसऱ्याने पत्करलेला धोका मान्य केला की त्याचं काहीतरी फेडावं लागतं, हे त्या गावाला कुणी शिकवावं लागलं नाही. कारण मोठं असेल तर फेड स्मरणाने होते. कारण मजुरीचं असेल तर स्मरण पुरत नाही, फेड रोकड्या गोष्टींनीच व्हायला हवी.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे. करंजाचा कोळी पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रात जातो, उलव्याच्या इमारतीवर मजूर दहाव्या मजल्यावर लटकतो. त्यांचंही ऋण आपल्यावर आहे का? आहेच. पण कोळ्याचा धोका शून्यावर आणला तरी मासळी तेवढीच हवी असते, त्या धोक्याला गिऱ्हाईक नाही. विहिरीचं तसं आहे का, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. स्पीडवेने ते करून पाहिलं. मोठ्या स्पर्धांत वळणांवर हवा भरलेली कुंपणं आली, आणि पोलंडची मैदानं त्यामुळे ओस पडली नाहीत. म्हणजे बहुतेकांना हवं होतं ते कसब, रक्त नव्हे. पाहणाऱ्याच्या बाजूने एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

म्हणून बंदीची मागणी मला पटत नाही. बैलगाडा शर्यती 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परतल्या, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सगळ्या वादाचं मूळ हे की बैल होकार देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने अटी कुणीतरी घालाव्या लागल्या. स्वार होकार देतो, एवढ्यावरून त्याच्यासाठी अटी घालायच्याच नाहीत, हे मात्र उलटं तर्कशास्त्र आहे. जत्रेत विहिरीला जागा देऊन भाडं घेणारी देवस्थान समिती किंवा ग्रामपंचायत असते, आणि परवान्यात हेल्मेट, अपघात विमा, जवळ उभी रुग्णवाहिका लिहून घेणं तिच्या हातात आहे. देवाच्या नावाने भरलेल्या बाजारात हे कलम घालायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकिटाचे पाच रुपये त्यामुळे वाढले तर ते नोट पुढे करणाऱ्यानेच द्यायचे आहेत.