आजीचा हिशेब

नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला पैसे द्यावेत काय? प्रश्न ऐकताच पुष्कळांना राग येतो. स्वीडनमध्ये मात्र जुलै २०२४ पासून आईबापांना आपल्या बालसंगोपन-भत्त्याचे काही दिवस आजीआजोबांच्या नावे करता येतात. आणि मुलानातवंडांनी वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत असे पौलानेही तीमथ्याला लिहिले आहे (१ तीमथ्य ५:४). फेडणे हा शब्द काही नुसत्या गोड बोलण्याचा नव्हे.

तरी पगार हे नाव आम्हांला रुचत नाही. पगार आला की रजा, चुका नि कपातही आली. पण दिवसभर बाळ कडेवर घेणाऱ्या आजीने रविवारच्या अर्पणासाठी सुनेपुढे हात पसरावा, हे त्याहून वाईट. दरमहा ठरलेली रक्कम तिला न मागता मिळावी, आणि मूल शाळेत जाऊ लागले म्हणून ती थांबू नये.